बारा जणांचं एकच कबूल

"सर, चहा घेणार?" असं कुणी विचारलं की आमचे सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारणाऱ्याकडे असे बघायचे की त्याला वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं. "कोणता चहा? कधी केलेला? साखर किती?" कोर्टाच्या कँटीनचे अण्णा गुमान सगळं सांगायचे. सकाळी नऊला केलाय, दोनदा गरम केलाय, साखर नेहमीचीच. सगळं ऐकून झाल्यावर सर म्हणायचे, "आता समजलं. नको." आणि अण्णा आतल्या आत पुटपुटत निघून जायचे. रोज! चार वर्षं मी हे रोज बघितलं आणि रोज हसले.

सर फौजदारी वकील. नाशिकला सीबीएस बसस्टँडमागच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. मी सिडकोत राहणारी, वडील अंबडच्या कंपनीत लेथवर, घरात माझ्याआधी कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. सनद मिळाल्यावर मी चार ठिकाणी नाकारली गेले आणि पाचव्या ठिकाणी सर भेटले. मुलाखत अशी झाली: "वकिली करायची आहे ना?" मी उत्साहात म्हणाले, "हो सर!" तर म्हणाले, "चूक. वकिली म्हणजे काय, हे आधी मला विचारायला हवं होतंस. उद्यापासून ये."

काहीही पूर्ण ऐकल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे त्यांचं खूळ होतं. खूळच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, आपल्या लग्नाची गोष्ट रंगवून सांगायच्या. बघण्याचा कार्यक्रम, पोहे खाऊन झालेले, सगळी मोठी माणसं बसलेली. कुणीतरी विचारलं, "मग, मुलगी पसंत आहे ना?" तर नवरदेव म्हणतात कसे, "तिला विचारलंत का? आणि तुमच्या सगळ्यांसमोर नको, वेगळं विचारा." काकूंचे वडील तर उठायलाच निघाले होते. "मला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी काही विचारलं बरं का," काकू म्हणायच्या आणि सरांच्या ताटात जास्तीची पोळी टाकायच्या. सर ती पोळी मात्र न विचारता खायचे.

मेहेर सिग्नलवरचा किस्सा तर अख्ख्या बाररूमला पाठ होता. सर स्कूटरवर, मी मागे. पोलिसाने अडवलं. "सिग्नल तोडला काका. कबूल आहे ना?" सरांनी स्कूटर स्टँडवर लावली. "कोणता सिग्नल? कोणत्या बाजूचा? लाल किती वेळ झाला होता? तुम्ही कुठे उभे होतात?" तो बिचारा उत्तरं देऊन थकला. मागे गाड्यांचा हा गोंगाट. शेवटी हात जोडून म्हणाला, "जा काका तुम्ही. खरंच जा." तर सर जागचे हलेनात! "आता कसं जाऊ? आता मला सगळं समजलंय. तोडला मी सिग्नल. कबूल. फाडा पावती." मी स्कार्फमध्ये तोंड लपवून उभी होते.

ऑफिसात शंभरपानी वह्यांची चवड असायची. पक्षकार आला की सर स्वतः वही उघडायचे आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचे. सटाण्याकडचा एक म्हातारा म्हणाला, "मना काहीच दोष नही शे." मी शहाणपणा करून टिपणात लिहिलं, 'माझा काही दोष नाही.' सरांनी पान फाडलं. "हे कोण म्हणालं? तू म्हणालीस. तुझ्यावर खटला आहे का?" आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य, जे मला तेव्हा फार कंटाळवाणं वाटायचं: "शिक्षा पक्षकाराला होते, घाई वकिलाला असते."

मला घाई होती. नाव कमवायची, सकाळच्या सकाळी चार कामं उरकून दाखवायची.

त्या वर्षी सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दोन आठवडे सगळं माझ्यावर आलं. द्राक्षांच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात (नाव मुद्दामच सांगत नाही) जुनी किरकोळ प्रकरणं निकाली काढायचा दिवस ठेवला होता. त्यात आमचे बारा जण होते. पेठकडची मजुरांची टोळी. द्राक्षाच्या छाटणीला दरवर्षी खाली येणारी, बायामाणसं मिळून. आदल्या वर्षी त्यांच्यातल्या काशीबाई नावाच्या बाईला भरधाव पिकअपने उडवलं होतं. ती वाचली, पाय मात्र कायमचा अधू झाला. टोळी रागाने रस्त्यावरच बसली, दोन तास वाहतूक बंद. पोलिसांनी रस्ता अडवल्याची केस केली. आरोपींची नावं कुठून घ्यायची? टोळीच्या मुकादमाकडे हजेरीची वही होती. त्याने त्या दिवसाची हजेरी वाचून दाखवली आणि ती जशीच्या तशी आरोपींची यादी झाली. कामावर हजर तो गुन्ह्यात हजर!

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच माहीत होतं की मुकादमाचे फोनवर फोन येतायत. "मॅडम, लवकर मोकळं करा. बागायतदार तिकडं वाट बघतोय, छाटणी अडलीय." मी व्हरांड्यात बारा जणांना ओळीने उभं केलं आणि भाषण ठोकलं: "साहेब विचारतील गुन्हा कबूल आहे का, तर कबूल म्हणायचं. किरकोळ दंड होईल, तासाभरात सुटाल."

ओळीत शेवटी एक मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची. मंजुळा. कॉलेजच्या सुट्टीत आईबरोबर कामाला आलेली. ती म्हणाली, "मॅडम, पण मी तर तवा..."

"आता मध्येच काही काढू नकोस," मी म्हणाले. "सगळे म्हणतील तेच म्हण."

आत पुकारा झाला. पहिला माणूस कबूल म्हणाला, बाकीच्यांनी माना हलवल्या, सगळ्यांना दंड झाला. संपलं. दुपारी एकच्या आत मी नाशिकच्या एसटीत बसले होते. सरांना फोन लावला, आवाजात एवढी ऐट! "सर, बाराच्या बारा मोकळे!"

सर म्हणाले, "बाराही जणांना वेगवेगळं विचारलंस?"

"हो सर," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

दीड वर्षाने मंजुळा झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा जिना चढून वर आली. अंगाने बारीक पण काटक, हातात प्लास्टिकची फाईल. मी तिला ओळखलंसुद्धा नाही! वनरक्षकाच्या भरतीत ती निवडली गेली होती. त्यांच्या पाड्यावरून सरकारी नोकरीत जाणारी पहिली मुलगी. फॉर्ममध्ये प्रश्न होता, कधी शिक्षा झाली आहे का. तिने खरं ते लिहिलं. आता वनखात्याचं पत्र आलं होतं: शिक्षेबाबत खुलासा करा. तिथल्या साहेबांनी तिला तोंडी सांगितलं होतं की निवड यादीची मुदत आठ महिने आहे, तोवर शिक्षा रद्द झाल्याचा कागद आण, नाहीतर जागा खालच्या नंबरला जाईल.

"मी रस्त्यावर बसलेच नव्हते मॅडम," ती म्हणाली. रडली नाही, चिडलीही नाही, त्यानेच मला जास्त लागलं. "काशीमावशीला मीच दवाखान्यात नेली व्हती. दिवस मावळंस्तोवर तिथंच व्हते. तुमाला सांगत व्हते मी त्या दिवशी."

सर टेबलामागे बसून ऐकत होते. मंजुळाला खाली चहा प्यायला पाठवलं आणि मी सरांपुढे उभी राहिले. "सर, चूक माझी आहे. सगळी माझी. कबूल."

"थांब!" सर एकदम उठले. "आरोप ऐकलास का आधी?"

आणि या माणसाने वही उघडली हो! पेन्सिल काढली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला एकेक आरोप वाचून दाखवायला लागले. "एक. बारा पक्षकारांना वेगवेगळं विचारलं नाही."

"कबूल, सर."

"तुझ्या शब्दांत."

"मी... मी त्यांना माणसं म्हणून बघितलंच नाही सर. बारा नंबर म्हणून बघितलं."

सरांनी लिहून घेतलं. "दोन. ही मुलगी सांगत असताना तिला गप्प केलंस."

"केलं."

"तीन. मला फोनवर खोटं सांगितलंस."

मला रडू फुटलं. "सांगितलं. तुम्ही रागावाल म्हणून."

"चार. त्यांचं पुढे काय होईल, याची तुला पर्वा नव्हती."

मी डोळे पुसले. "नाही सर, हे नाही. मला खरंच वाटलं होतं की त्यांची सुटका होतेय. हे मला कबूल नाही."

"बघ!" सरांनी टेबलावर असा हात मारला की वह्यांची चवड घसरली. "बघ! मघाशी म्हणालीस, सगळं कबूल. हा चौथा आरोप फुकट अंगावर घेतला असतास! त्या पोरीचं हेच झालंय!" त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी रडायचं विसरले. रागवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नसावं. "चल, नक्कल मागव. आजच!"

पुढचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. बाररूममध्ये जो तो म्हणे, गुन्हा कबूल केल्यावर अपील कसलं? संपलं ते. सरांना तर हेच ऐकायचं असायचं. "अपील कोण करतंय? कबुलीनंतर अपील नसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण ती कबुली नीट घेतली का, हे तपासायला वरचं कोर्ट बसलंय! रिव्हिजन म्हणतात त्याला!" आणि टेबलाभोवती फेऱ्या. सत्तरीचा माणूस, पण पोराटोरांनी मॅचच्या दिवशी घालाव्यात तशा फेऱ्या.

कोर्टातून कागदांची नक्कल आली त्या दिवशी मी शिरस्त्याप्रमाणे पहिल्या पानापासून वाचत होते. सरांनी मधलंच पान ओढलं आणि ओरडले. खालून झेरॉक्सवाला धावत वर आला, त्याला वाटलं सर पडले. पान काय, एक ओळ होती. 'आरोपी क्रमांक एक ते बारा यांनी गुन्हा कबूल केला.' बारा जणांचं एकच वाक्य!

"कायदा काय सांगतो?" सर झेरॉक्सवाल्यालाच विचारत होते. "आरोपीला आरोप समजावून सांगायचा आणि त्याचं उत्तर होईल तितकं त्याच्याच शब्दांत लिहायचं. आता सांगा, बारा माणसं जगात कधी एकाच शब्दांत बोलली आहेत?"

"आमच्या घरी दोन माणसंसुद्धा तशी बोलत नाहीत," झेरॉक्सवाला म्हणाला.

मग दवाखाना. काशीबाईला नेलं होतं त्या ग्रामीण रुग्णालयात जुनं रजिस्टर शोधायला आम्ही तिघं गेलो. कपाटातली धूळ सरांच्या नाकात, शिंकांवर शिंका, सिस्टर वैतागलेली. आणि चौथ्या रजिस्टरमध्ये काशीबाईचं नाव सापडलं. त्यापुढे 'सोबत आलेली व्यक्ती' या रकान्यात वळणदार अक्षरात मंजुळाची सही, वेळेसकट! टोळी रस्त्यावर बसली होती नेमकी त्याच वेळची. सर इतक्या मोठ्याने "वा!" म्हणाले की सिस्टरने त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. बाहेरच्या बाकावर बसून ते मंजुळाला म्हणाले, "अहो ताई, सही केल्याबद्दल तुमचे आभार." ती लाजून हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

पण कागदावर सगळं भागत नव्हतं. त्या दिवशी व्हरांड्यात काय झालं, ते कुणीतरी कोर्टाला सांगायला हवं होतं. सरांनी मला 'तू सांग' असं म्हटलं नाही. आठ दिवस वाट बघितली. शेवटी मीच म्हणाले, "सर, शपथपत्र मी करते. म्हणजे ही केस मला सोडावी लागेल ना?"

"लागेल. साक्षीदार आणि वकील, दोन्ही एकाच वेळी होता येत नाही. शिवाय लोक हसतील. विचार करून सांग."

केलं शपथपत्र. लोक हसले. बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील मला ऐकू जाईल असं म्हणाले, "स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारी वकीलबाई पहिल्यांदाच बघितली." मी डबा घेऊन बाहेर आले. सर पायरीवर बसले होते. जागा करून दिली आणि म्हणाले, "भाजी कसली आहे? कोणी केलीय? कधी?" मला हसू आवरेना.

जिल्हा कोर्टात सर उभे राहिले तेव्हा सरकारी वकिलांनी आधी उशिराचा मुद्दा काढला. नव्वद दिवस केव्हाच उलटून गेले होते. मग म्हणाले, "वकील सोबत असताना दिलेली कबुली आहे साहेब. आता नोकरी आडवी आली म्हणून फिरवतायत." खरंच होतं ते. सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "नोकरी आडवी आली म्हणूनच कळलं साहेब. नाहीतर ही मुलगी जन्मभर न केलेल्या गुन्ह्याची गुन्हेगार राहिली असती आणि आम्हा वकिलांना पत्ताही लागला नसता. वकील सोबत होता म्हणता. माझ्या ज्युनियरने शपथेवर सांगितलंय की तो वकील सोबत नव्हता, फक्त शेजारी उभा होता."

जज्जसाहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही, एवढं मला आठवतं.

उशीर माफ झाला, शिक्षा रद्द झाली! मंजुळापुरती केस पुन्हा तालुक्याला गेली, पहिल्यापासून चालवायला. आठातले पाच महिने गेले होते.

सरांनी मग बाकीच्या अकरा जणांनाही विचारलं, तुमचीही शिक्षा रद्द करायला अर्ज करू का? त्यासाठी ते स्वतः बागेत गेले, एकेकाला वेलीखाली वेगळं बसवून. अकराही जण नाही म्हणाले. मंजुळाची आई तर हसलीच. "आमी बसलोच व्हतो की साहेब. उगा खोटं कशाला?" सर परत येताना स्कूटरवर गुणगुणत होते. अकरा नकार मिळाल्यावर एवढा खूश झालेला वकील मी दुसरा पाहिला नाही.

मंजुळा निर्दोष सुटली. यादीची मुदत संपायला एकोणीस दिवस असताना! आता ती सुरगाण्याच्या बाजूला जंगलात असते, खाकी गणवेशात, आणि फोनला रेंज आली की मला जंगलातले फोटो पाठवते. पण निकालाचा दिवस मला तितका आठवत नाही. आठवतो तो त्याआधीचा, साक्षींचा.

हवालदार सरळ बोलला. "नावं मुकादमाने दिली, मी कुणाला चेहऱ्याने ओळखत नव्हतो." दवाखान्याचं रजिस्टर दाखल झालं. मग सरांनी मंजुळाच्या आईला साक्षीला बोलावलं. डोक्यावरचा पदर सारखा करत ती पिंजऱ्यात उभी राहिली. मी मागच्या बाकावर, प्रेक्षकांत.

"तुमची मुलगी त्या वेळी रस्त्यावर बसली होती का?" सरांनी विचारलं.

"नाय. ती काशीसंगं दवाखान्यात गेली. रस्त्यावर मी बसले व्हते."

सरकारी वकील उठले. त्यांना वाटलं, धागा सापडला. "म्हणजे तुम्ही गुन्हा केला होता. तेव्हाही तुम्ही हेच कबूल केलं होतं ना? मग आज पुन्हा कशाला सांगता?"

ती शांतपणे म्हणाली, "तवा मला कुनी इचारलं नाय, साहेब. आज इचारलं, म्हनून सांगते."

टाईप करणाऱ्याचे हात थांबले. न्यायाधीश तरुण होते, ते त्याला म्हणाले, "बाई बोलल्या तसंच लिहा. शब्द बदलू नका." सर उभेच होते. 'आणखी प्रश्न नाहीत' एवढंच म्हणायचं असतं. त्यांना ते म्हणता येईना. चष्मा काढून कोटाच्या बाहीने पुसत राहिले.

बाहेर व्हरांड्यात ती पिशवी घेऊन उभी होती. तोच व्हरांडा. मी तिच्यापुढे गेले. चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, एकही आठवेना. "मावशी, त्या दिवशी मीसुद्धा नव्हतं विचारलं. चुकलं माझं."

तिने मला नीट न्याहाळलं. सर लांबच्या बाकावर जाऊन बसले होते, मुद्दाम आमच्याकडे पाठ फिरवून.

"मंग आता इचार की," ती म्हणाली.

मी भिंतीशी खाली बसले. तीही बसली.

"काय झालं होतं त्या दिवशी, मावशी?"

"काशी म्हाज्या म्होरं चालत व्हती," तिने सुरुवात केली. "तिच्या हातात म्हाजी कातरी व्हती. म्या तिला म्हनलं, दे इकडं. ती द्यायला मागं वळली..."